‘जैसे थे’ आदेशाखाली वाढत असलेले आच्छादन पीक निजवण्याबाबत

दिनांक : २३ एप्रिल, गुरुवार

प्रति,
मा. तण-नियंत्रण अधिकारी,
फळबाग विभाग, दुसरा मजला,
कृषी कार्यालय.

अर्जदार : उतारावरच्या द्राक्षबागेचा खातेदार, खाते क्र. ४१७ (थोरला हिस्सा).

विषय : द्राक्षवेलींच्या ओळींमध्ये मुद्दाम पेरलेले ओट, वाटाणा व मोहरी दाणा टणक होण्यापूर्वी रूळ फिरवून जमिनीवर निजवू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपला ‘जैसे थे’ आदेश, दि. ११ मार्च.
२) आपले शंकापत्र, दि. २ एप्रिल.
३) माझे यापूर्वीचे सहा अर्ज.

महोदय,

सविनय निवेदन करतो की, हा माझा सातवा अर्ज. आधीच्या सहांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. सहावा दिला तेव्हाच मी ठरवले होते की आता पुरे, यापुढे देवावर सोडायचे. परंतु देवाने वाटाण्याला शेंग धरवली आणि ती रोज भरत चालली आहे. त्यावरून मी असे समजतो की त्याने हे प्रकरण शेरा मारून माझ्याकडेच परत पाठवले आहे.

कामाचे तेवढे आधी सांगतो. येत्या सोमवारी, दि. २७ रोजी, माझ्या बागेतले हे पीक निजवलेच पाहिजे. आज शेंग सोलून दाणा दोन बोटांत दाबला तर पाणी सुटते. अजून आठवड्याने तो टणक होईल, आणि माझ्याविरुद्धची जी तक्रार आजपर्यंत खरी नाही ती खरी होऊन बसेल. आता सविस्तर.

१. सदर बाग आमच्या वडिलांनी लावली. त्यांच्यामागे तिचे दोन हिस्से झाले. रस्त्यावरून पाहिले असता डाव्या हाताचा माझा, उजव्या हाताचा धाकट्या भावाचा. मध्ये तारेचे कुंपण आहे आणि कुंपणाला एक फाटक आहे, ज्याला कुलूप कधी लागले नाही. माझ्याकडे शेहेचाळीस ओळी आहेत. माझे वय त्रेसष्ट आहे आणि उजवा गुडघा त्याहून म्हातारा आहे. मी कीर्तनात रमणारा माणूस. बोलता बोलता बाजूला जातो. परंतु बुवा जसे कुठेही फिरून आले तरी मूळ पदावर येतात, तसा मीही येतो, एवढी खात्री बाळगावी.

२. एकोणीस वर्षे मी स्वतः या बागेत तणनाशक मारले, हे लपवत नाही. पाठीवर पंप घेऊन एकेक ओळ मी जातीने जाळली आहे. जमीन घासून ठेवलेल्या ताटासारखी दिसायची. वडिलांच्या मते, आणि भावाच्या मते अगदी परवापर्यंत, वेलीखाली गवताची काडी दिसणे म्हणजे मालकाने चारचौघांत सदरा उलटा घालून फिरणे. मीही तेच मानत आलो. पण माती वर्षागणिक विटेसारखी होत गेली. कुदळ मारली की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. पाणी मुरत नसे, वरच्या वर घसरून जात असे.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी तासभर जोराचा पाऊस झाला. माझी माती उतारावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून थेट शिंप्याच्या दुकानात गेली. मी धावत खाली गेलो तर शिंपी घोटाभर चिखलात उभा, आणि कुणाचा तरी अर्धवट शिवलेला कोट त्याने डोक्यावर उंच धरलेला. मला पाहून म्हणाला, “काका, तुमची बाग दुकानात आलीय. माप घेऊ का?” अशा वेळी ज्याला विनोद सुचतो त्याच्या पाठीशी देव उभा असतो, असे माझे मत आहे.

ती माती मी नऊ दिवस ढकलगाडीने वर नेली. सहाव्या दिवशी चढावर दम खाताना मनात आले, की जी माती वर थांबायला तयार नाही तिला मी पुन्हा वर का नेतोय? तिला धरून ठेवणारे तिथे मी काही शिल्लकच ठेवलेले नाही. डोंगरात म्हणा, ओढ्याकाठी म्हणा, पडक्या भिंतीवर म्हणा, देवाने माती उघडी टाकलेली मला कुठे दिसली नाही. जिथे उघडी आहे तिथे ती माझ्यासारख्याने केलेली आहे. असो, मूळ पदावर येतो.

३. तेव्हापासून माझी पद्धत अशी : तोडणी संपली की वेलींच्या दोन ओळींमधल्या पट्ट्यात ओट, वाटाणा व थोडी मोहरी पेरायची. थंडीभर ती वाढतात. ओटाच्या मुळांचे जाळे माती धरते. मोहरीचे सोटमूळ घट्ट जमिनीत वाट करते. वाटाणा आपल्या मुळांच्या गाठींत हवेतले नत्र साठवतो. सगळे इतके दाट येते की खऱ्या तणाला उजेडच मिळत नाही. मग वेलींना नवी फूट आली आणि हे पीक फुलोऱ्यात आले, की ते कापायचे नाही, उपटायचे नाही, जाळायचे तर नाहीच. ट्रॅक्टरमागे बोथट पात्यांचा जड रूळ जोडून आडवे निजवायचे. माझा रूळ वेल्डरने पाण्याच्या जुन्या पाइपापासून करून दिला आहे. त्याने देठ जागोजाग चेपतो पण तुटत नाही. झाड पुन्हा उठू शकत नाही आणि पडल्या जागी वाळून त्याची चटई होते. त्या चटईखाली उन्हाळाभर ओल टिकते. वेलीच्या बुडाशी जे उगवेल ते मी व घरची मंडळी खुरप्याने काढतो. तणनाशकाचा थेंब लागत नाही.

सगळी मेख वेळेत आहे. लवकर निजवले तर चार दिवसांत उठून बसते. उशिरा निजवले तर दाणा पिकून गळतो आणि पुढच्या साली न पेरता जिथे तिथे उगवतो, म्हणजे तणच. या दोहोंच्या मधले दिवस असतात दहा-बारा.

पहिल्या वर्षी माझे चुकले, तेही नमूद करतो. उत्साहाच्या भरात मी वेलींच्या अगदी बुडापर्यंत पेरले. पिकाने वेलींच्या वाट्याचे पाणी ओढले, फूट आखूड राहिली, घड हलके आले. भाऊ कुंपणापलीकडून म्हणाला, “दादा, द्राक्षं लावलीस की गवताला मांडव घातलास?” बोचले, पण त्याचे खोटे नव्हते. पुढच्या वर्षापासून मी बुडाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जागा मोकळी ठेवतो. त्यानंतर घडही भरले, आणि मागल्या पावसात शिंप्याच्या उंबऱ्याशी माझ्या बागेतून आलेले नुसते पाणीसुद्धा कुणी पाहिले नाही.

४. यंदा भावाने आपल्याकडे लेखी तक्रार केली की, ‘शेजारच्या बागेत तण माजले आहे व त्याचे बी उडून माझ्या बागेत येईल.’ मी त्याला बोल लावत नाही. दोन वर्षांपासून त्याच्या बागेत असे एक तण येऊ लागले आहे की फवारणी केली तरी ते आठ दिवस मान टाकते आणि पुन्हा हिरवे होते. घाबरलेला माणूस जवळ जे दिसेल त्याकडे बोट दाखवतो. फक्त त्याने मला सांगितले नाही. मला ते आपल्या आदेशाच्या प्रतीवरून कळले. त्या आठवड्याच्या कीर्तनाला, जिथे आम्ही तीस वर्षे मांडीला मांडी लावून बसत आलो, तिथे तो खांबाच्या पलीकडे जाऊन बसला. बुवांनी नेमके दोन भावांचे आख्यान लावलेले. मला वाटले, यांना कुणी सांगितले की काय. कुणी सांगितले नव्हते. आख्यान रंगात आले तेव्हा खांबामागून तेवढा खोकला ऐकू आला.

५. आपल्या दि. ११ मार्चच्या आदेशात म्हटले आहे : ‘स्थळपाहणी पूर्ण होईपर्यंत सदर क्षेत्राची स्थिती जैसे थे ठेवावी. कापणी, उपटणी, नांगरणी, आडवे पाडणे वा अन्य फेरफार केल्यास तो पुराव्यातील फेरफार समजून कारवाई करण्यात येईल.’ आदेश हाती पडला तेव्हा पीक अठरा इंच होते. मी त्याच दिवशी आपल्या टपाल खिडकीवर जाऊन आवक-जावक पाहणाऱ्या ताईंना विचारले, की जैसे थे म्हणजे कोणत्या उंचीचे ठेवायचे? त्यांनी आदेश दोनदा वाचला. म्हणाल्या, “काका, यात उंची दिलेली नाही. म्हणजे आहे तेवढी.” मी म्हटले, ताई, ती उद्या वाढेल. “मग उद्या असेल तेवढी.” माझ्या माहितीप्रमाणे या संपूर्ण प्रकरणात कार्यालयाकडून मला मिळालेले हे एकमेव स्पष्ट उत्तर आहे, म्हणून त्यांचा मी ऋणी आहे. त्यांनीच आपुलकीने सुचवले, “दर आठवड्याला मोजून लिहून देत जा. उद्या तुमच्यावर यायला नको.”

त्याप्रमाणे मी दर बुधवारी शिंप्याकडून टेप मागून आणतो, पहिल्या, तेविसाव्या व शेहेचाळिसाव्या ओळीत उंची मोजतो आणि विवरण सादर करतो. अठरा इंच, तेवीस, अठ्ठावीस, तेहेतीस. यावर दि. २ एप्रिल रोजी आपले शंकापत्र आले : ‘आपण सादर केलेल्या चार विवरणांतील उंची परस्परांशी जुळत नाही. सबब त्यांपैकी खरी कोणती, ते स्वयंघोषणापत्रासह सात दिवसांत कळवावे.’ मी स्वयंघोषणापत्र दिले की चारही खऱ्या आहेत. त्यावर निर्णय प्रलंबित आहे. दरम्यान पाचवी, सहावी व कालची सातवीही खरी झाली.

६. दि. ९ एप्रिल रोजी आपले क्षेत्र निरीक्षक पाहणीस आले. अत्यंत सज्जन माणूस. रस्त्यावरून पाहून परत जाणारे मी पाहिले आहेत; हे चौदाव्या ओळीपर्यंत चालत आले, उकिडवे बसले, बोटाने माती उकरली. ती भुगा होऊन हातात आली. त्यात गांडूळ निघाले, ते त्यांनी उचलून पुन्हा सावलीत ठेवले. मग त्यांनी पाहणीचा नमुना काढला. त्यावर दोन चौकटी आहेत : ‘पीक’ आणि ‘तण’. साहेब पेन हातात धरून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, “काका, हे तण नाही, ते मला दिसतंय. पण पीक तरी कसं लिहू? हे तुम्ही विकणार नाही, खाणार नाही, जनावरालाही घालणार नाही. मग हे आहे काय?” मी म्हटले, मातीचे पांघरूण. ते खरोखर कळवळून म्हणाले, “पांघरुणाला चौकट नाही हो.”

शेवटी त्यांनी दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि खाली ‘वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवावे’ असे लिहिले. मार्गदर्शन करणाऱ्या वनस्पतितज्ज्ञांची जागा रिकामी आहे असे कळते. त्यामुळे पाहणी झाली आहे, पण पूर्ण झालेली नाही. आणि पूर्ण होईपर्यंत आदेश लागू आहे.

७. म्हणून दि. १३ रोजी मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर आलो. आपण दौऱ्यावर होता. आपल्या दालनाबाहेरच्या बाकाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली कुणीतरी जुनी फाइल चौपदरी करून घातली आहे. तिच्या कडेला कुणाचे तरी ‘सविनय’ दिसते. तिथे मी अकरा ते अडीच बसलो. मग आपल्या सहायकांनी आत बोलावले. माझा गुडघा पाहून त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली व ते उभ्यानेच बोलले, हे मुद्दाम नोंदवतो. त्यांनी सांगितले की, रूळ फिरवता येणार नाही, पण तणनाशकाची फवारणी मात्र आजही करता येईल. मी विचारले, त्याने स्थिती बदलत नाही का? ते म्हणाले, “फवारणी म्हणजे फेरफार नाही, काका. ती उपाययोजना. तिला रकाना आहे. औषधाचं नाव आणि मात्रा भरून द्या, प्रकरण आजच्या आज बंद करतो.”

महोदय, म्हणजे विष मारून उभ्या उभ्या जाळले तर जैसे थे, आणि आहे तिथेच निजवले तर गुन्हा. मला राग आला नाही. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागते. मी जिना उतरलो, मधल्या वळणावर बसलो, आणि एक शिपाई पाणी घेऊन आला तेव्हा मला कळले की बराच वेळ गेला आहे. ज्याने पाणी दिले त्याच्या मुलाबाळांचे भले होवो.

८. दि. १८, शनिवारी दुपारी जोराचा वारा सुटला आणि नऊ, दहा व अकरा या ओळींतले ओट लोळले. वाऱ्याने लोळलेले झाड मरत नाही, नुसते वाकते. त्याचा निजवण्याशी संबंध नाही. परंतु आदेशात ‘आडवे पाडणे’ हे शब्द स्पष्ट आहेत. वाऱ्याने पाडले यावर कोण विश्वास ठेवणार? वारा काही स्वयंघोषणापत्र देणार नाही. मला रात्री अन्न गोड लागले नाही.

म्हणून रविवारी सकाळी मी व माझी पत्नी सुतळीचे दोन गुंडे आणि बांबूच्या खुंट्या घेऊन बागेत गेलो आणि पडलेले ओट पेंढीपेंढीने उचलून, बांधून, पुन्हा उभे करू लागलो. हे मी कबूल करतो. हा फेरफार आहे की फेरफार टाळण्यासाठी केलेला फेरफार, ते आपण ठरवावे. माझी पत्नी कधी उणे बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाली, “जन्मभर वेली बांधल्या, आता गवत बांधतेय. उद्या सांगतील, आभाळ वाकलंय, तेही सरळ करा.” असे म्हणून तिने गाठ मात्र नेहमीसारखीच घट्ट मारली.

९. भाऊ त्या वेळी कुंपणापलीकडे पंप पाठीला लावून फवारणी करत होता. सहा आठवडे त्याने आमच्याकडे मान वळवली नव्हती. त्या दिवशी वळवली. बराच वेळ पाहत राहिला. मग पंप उतरवून खाली ठेवला आणि फाटक उघडून आत आला.

“दादा, काय चाललंय हे?”

मी सांगितले, आदेश आहे, पीक पडता कामा नये.

“कुणाचा आदेश?”

मी म्हटले, साहेबांचा. तुझ्या तक्रारीवरचा.

त्याने माझ्याकडे पाहिले, वहिनीकडे पाहिले, खुंटीला बांधलेल्या त्या ओटाकडे पाहिले, आणि दोन ओळींच्या मधे मटकन खाली बसला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटले हसतो आहे. हसतच असावा, निदान सुरुवातीला. माझी पत्नी म्हणाली, “भावजी, बसलाच आहात तर हे टोक धरा.”

त्याने धरले. दुपारपर्यंत आम्ही तिघांनी तिन्ही ओळी उभ्या केल्या. खुंट्या तो ठोकत होता. पहिली खुंटी ठोकायला त्याने हातोडा उचलला, पण ती नुसत्या तळहाताने आत गेली. तेव्हा तो थांबला, मूठभर माती घेतली आणि मूठ बराच वेळ उघडत-मिटत राहिला. “माझ्याकडे पहार लागते,” एवढेच म्हणाला. निघताना फाटकापाशी पाठमोरा राहून म्हणाला, “तुझ्याशी बोलायचं जड गेलं, म्हणून कागद केला. कागदाला काही वाटत नाही ना.”

महोदय, मी आयुष्यात पुष्कळ कीर्तने ऐकली. डोळे पुसत घरी आलो. पण त्या दिवशी बागेत कुणी गात नव्हते, तरी मला डोळे पुसावे लागले. हे अर्जात लिहावे की नाही याचा विचार केला, लिहिले आहे.

१०. सोमवारी दि. २० रोजी भाऊ तक्रार मागे घेण्यास आपल्या कार्यालयात आला. त्यास सांगण्यात आले, “तक्रार तुमची होती. आता प्रकरण आमचं आहे.” पाहणी पूर्ण झाल्याखेरीज ती मागे घेता येत नाही, आणि पाहणीचे वर लिहिलेच आहे. तो पाच तासांनी परत आला. आमच्या ओट्यावर बसला, चप्पल काढली, आणि मला विचारले, “दादा, सहा आठवडे तू हेच करत होतास?” मी हो म्हटले. त्यानंतर त्याने वहिनीकडे चहा मागितला, तोही सहा आठवड्यांनी.

११. आजची वस्तुस्थिती अशी आहे : पीक सत्तेचाळीस इंच उंच आहे. वाटाण्याच्या वेटोळ्या ताण्यांनी वेलींची खालची तार धरली असून नव्या फुटीला ते वेढे घालत आहेत. खाली हवा खेळत नाही. मंगळवारी दोन पानांवर भुरीचे पांढरे ठिपके दिसले. ती पाने काढून टाकली आहेत, परंतु जिथे दोन दिसली तिथे न दिसलेली असणारच. ओटाचा दाणा दुधात आहे. मोहरीच्या खालच्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या आहेत. सोमवारपर्यंत थांबता येते. मंगळवारनंतर निजवून उपयोग नाही. निजेल, पण बी टाकून निजेल.

तसे झाले तर पुढच्या वर्षी ते बी माझ्याकडे उगवेल आणि कुंपणाच्या पलीकडेही उगवेल. भावाची बाग आधीच एका तणाने बेजार आहे, त्यात हे दुसरे माझ्या घरचे. तो मला काही म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तेच मला सोसणार नाही. सहा आठवड्यांपूर्वी त्याने जे भय कागदावर लिहिले ते निराधार होते. ते खरे करून दाखवण्याचे काम आपला आदेश माझ्याच हातून करवून घेत आहे, आणि मी आज्ञाधारकपणे दर बुधवारी त्याचे माप देत आहे.

१२. सबब प्रार्थना की,

(अ) सोमवार दि. २७ रोजी रूळ फिरवण्यास परवानगी द्यावी, किंवा

(आ) निरीक्षक साहेबांना दोन्ही चौकटींच्या मधल्या पांढऱ्या जागेत लिहिण्याची मुभा द्यावी, ते काय लिहायचे ते जाणतात, किंवा

(इ) पीक सत्तेचाळीस इंचांवर थांबवण्याचा उपाय लेखी कळवावा. मी तो अमलात आणीन आणि जन्मभर आपले नाव घेईन.

पुराव्याची काळजी नसावी. निजवलेले पीक कुठे जात नाही. मुळापासून शेंड्यापर्यंत ते तिथेच पडून राहते, पावसाळ्यापर्यंत राहते. उलट आडवे असल्याने मोजायला सोपे पडेल. पुरावा नष्ट होत नाही, फक्त निजतो.

१३. महोदय, आजवर मी कधी सरकारी कागदाचा अवमान केला नाही. वडिलांनी तसे वाढवले नाही. परंतु जे करणार ते चोरून केले असे होऊ नये, म्हणून आपणांस आधीच लिहितो : सोमवारी सकाळी सात वाजता रूळ पहिल्या ओळीत शिरेल. शेहेचाळीस ओळींना दुपारचे दोन वाजतील. आपण किंवा आपला कुणी माणूस आल्यास सावलीत बसण्याची सोय आहे. तोपर्यंत आपली परवानगी आली तर हा कागद अर्ज समजावा. न आल्यास हाच कागद माझी कबुली समजून फाइलला लावावा. दुसरा लिहिण्याइतकी ताकद आता हातात नाही.

कार्यालयातील सर्वांना, विशेषतः टपाल खिडकीवरच्या ताईंना, माझे व घरच्यांचे मनापासून आशीर्वाद.

सोबत जोडलेले कागद :
१) उंचीची सात साप्ताहिक विवरणे (सर्व खरी).
२) आदेश व शंकापत्र यांच्या प्रती.
३) वाटाण्याच्या पाच शेंगा, आजच तोडलेल्या. पाकीट उघडले जाईल त्या दिवशी दाणा दाबून पाहावा.

आपला नम्र, आणि आता थोडा घाईत असलेला,

(सही)
खातेदार, खाते क्र. ४१७

मूळ तक्रारदार म्हणून खाली माझी सही. वर दादाने लिहिले ते वाचले, बरोबर आहे. सोमवारी ट्रॅक्टर मी चालवणार आहे, रूळ माझ्या मागे असणार आहे. तेव्हा फेरफार केल्याची नोटीस काढायची ती माझ्या नावाने काढावी. दोननंतर पाठवावी, तोवर आम्ही दोघे बागेत असू.

(सही)
खातेदार, खाते क्र. ४१८ (धाकटा हिस्सा)